जुलैतले स्फटिक

बाई, तुम्ही गेलात त्याला उद्या तीन आठवडे होतील आणि गुरुवारी चार वाजले की मी अजून पायात चपला घालते. काल तशीच निघाले. मांडवीच्या वळणापर्यंत आल्यावर आठवलं. मग तुमच्या घराकडे न वळता जेटीवर जाऊन बसले आणि अर्ध्या तासाने परत फिरले. घरी कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

कॉलेजात शोकसभा झाली. तुमची शिस्त, तुमचा वक्तशीरपणा, फळ्यावरचं तुमचं अक्षर, सगळ्यावर बोलून झालं. स्फटिकांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मला उभं केलं तेव्हा मी ‘बाईंनी आम्हाला घडवलं’ असलं काहीतरी बोलून खाली बसले. तुम्ही समोर असतात तर म्हणाला असतात, ‘काय घडवलं ते सांग, नाहीतर उभी राहू नकोस.’ म्हणून आज सांगायला बसले आहे. उशीर झाला आहे, पण मला तो रोगच आहे, हे तुम्हाला माहीत आहे.

मी तिसऱ्या वर्षाला होते. लांज्याजवळच्या गावातून आलेली. वडील मुंबईत छापखान्यात, आई भातशेतीत. लंबकाच्या प्रयोगात साऱ्या वर्गाचं उत्तर पुस्तकातल्यासारखं आलं होतं आणि माझं चुकलं होतं. मी ते तसंच वहीत ठेवलं, कारण खोडून दुसरं लिहायचं मला सुचलंच नाही. तुम्ही वही परत देताना म्हणालात, दुपारी डार्करूममध्ये ये. मला वाटलं, आता बोलणी बसणार.

डार्करूम म्हणजे प्रयोगशाळेमागची ती चिंचोळी खोली. खिडकीला काळं कापड, त्याला बाराही महिने दमट वास. बाहेर रणरणतं ऊन आणि आत तुम्ही मला दहा मिनिटं काही न बोलता बसवून ठेवलंत, डोळे सरावू देत म्हणून. मग चिमट्याने दोन स्फटिक मांडलेत. नखाएवढे. दोन्ही पाण्यासारखे नितळ, मला तरी त्यांच्यात काही फरक दिसेना. तुम्ही अतिनील दिवा लावलात, दोघेही उजळले. दिवा बंद केलात. डावा त्याच क्षणी विझला. उजवा विझला नाही. कच्च्या केळ्याच्या सालीला आतून असतो तसा फिकट हिरवा उजेड त्याच्यात राहिला.

“विझला की सांग,” तुम्ही म्हणालात.

मी बराच वेळ काही सांगितलंच नाही. शेवटी दिसेनासा झाला तेव्हा तुम्ही घड्याळ पाहिलंत, चार मिनिटं होऊन गेली होती. मी म्हटलं, हा हट्टी आहे. तुम्ही म्हणालात, हट्टीबिट्टी काही नसतं, कारण असतं. बाई, त्या दिवसापर्यंत मी मार्क मिळतात म्हणून विज्ञान शिकत होते.

मग तुम्ही समजावलंत. मॅग्नेशियम ऑक्साइडचा शुद्ध स्फटिक उजेड अडवत नाही आणि वीजही वाहू देत नाही. तोच स्फटिक मॅग्नेशियमच्या वाफेत खूप तापवला की त्यातले ऑक्सिजनचे थोडे अणू निघून जातात आणि त्यांच्या रिकाम्या जागांवर इलेक्ट्रॉन राहायला येतात. अतिनील प्रकाश पडला की हे इलेक्ट्रॉन जागेवरून उडतात, परत येतात, आणि परत येताना हिरवा उजेड देतात. सगळे लगेच परतले तर उजेडही लगेच विझतो. उजव्या स्फटिकात मात्र काही इलेक्ट्रॉन वाटेत कुठेतरी अडकत होते आणि एकेक करून सावकाश सुटत होते. ते कशात अडकत होते, हाच तुमच्या प्रबंधाचा विषय होता. तुमचं उत्तर होतं, स्फटिकात अगदी अल्प प्रमाणात मिसळलेल्या लोखंडात. त्यावरचा तुमचा लेख परदेशी नियतकालिकात छापून आला होता. हर्णेच्या मासळीबाजारात आईसोबत टोपली घेऊन बसलेल्या मुलीचा लेख. तुम्ही त्याचं कधी कौतुक करून घेतलं नाहीत, पण तो मला पाठ होता.

पुढे मी याच कॉलेजात शिकवायला लागले, तुमच्याच हाताखाली. पीएचडीसाठी मी तेच स्फटिक घेतले. त्यांच्या पातळ चकत्या घेऊन मुंबईला एका संस्थेत गेले. तिथल्या यंत्रात अवरक्त किरण स्फटिकातून आरपार सोडून कुठले किरण गिळले जातात ते बघता येत होतं. आधी दोन्ही स्फटिकांतलं लोखंड मोजून घेतलं. सारखं निघालं. मला वाटलं मोजणीत चूक झाली. पुन्हा मोजलं, पुन्हा सारखंच. मग अवरक्त वर्णपट काढला. डाव्यात काही नव्हतं. उजव्यात दहा मायक्रॉनच्या जरा अलीकडे तीन अरुंद रेषा, पेन्सिलीने ओढाव्यात तशा.

त्या रेषा कशाच्या हे कळायला मला दोन दिवस लागले. त्या हायड्रोजनच्या होत्या. ऑक्सिजनच्या रिकाम्या जागेवर हायड्रोजन येऊन बसला होता, एक जादा इलेक्ट्रॉन घेऊन. सगळ्यात हलकं मूलद्रव्य. स्फटिकाला रंग देत नाही, त्याचा नितळपणा घालवत नाही. तुम्ही प्रबंध लिहिलात तेव्हा तुम्ही धातू मोजलेत, आणि धातू मोजून तो सापडणार कसा? पण सुटलेला इलेक्ट्रॉन तोच धरून ठेवत होता आणि सावकाश सोडत होता. म्हणजे लोखंडाचा काही संबंध नव्हता. म्हणजे तुमचा प्रबंध चुकला होता.

ते जूनमध्ये कळलं. मी तुम्हाला सांगितलं नाही. रोज स्टाफरूममध्ये शेजारी बसत होते, तुमच्या डब्यातलं कुळथाचं पिठलं खात होते, आणि तुम्ही विचारलंत की म्हणत होते, मोजणी चालू आहे. आज योग्य वेळ नाही, उद्या सांगू, असं रोज वाटायचं.

शेवटी सांगितलं ते हातखंब्याला. चिपळूणच्या चर्चासत्राहून आपण एसटीने परत येत होतो, फेब्रुवारी होता. गाडी हातखंब्याला बंद पडली. दुसरी येईपर्यंत आपण टपरीच्या बाकावर चहा घेत बसलो, समोरून ट्रक जात होते. एका ट्रकच्या आवाजात मी सुरुवात केली, आवाज थांबला तेव्हा वाक्य अर्धं झालं होतं, मग पुरं करावंच लागलं. तुम्ही ऐकून घेतलंत. लोखंड कुणी मोजलं, विचारलंत. मी म्हटलं, मीच, माझ्यासमोर. दोनदा मोजलंस का? हो. मग तुम्ही हातातला ग्लास खाली ठेवलात.

“तुला हे कधी कळलं?”

“जूनमध्ये.”

“म्हणजे आठ महिने तू मला मूर्ख ठेवलंस.”

चुकल्याबद्दल तुम्हाला राग नव्हता, हे मला फार नंतर कळलं. त्या क्षणी एवढंच कळलं की दुसरी गाडी आली आणि तुम्ही माझ्या शेजारची जागा सोडून पुढे जाऊन बसलात.

दीड महिना आपण कामापुरतं बोललो. मग एका सकाळी तुम्ही माझ्या टेबलावर दोन कागद ठेवलेत आणि म्हणालात, इंग्रजी बघ. ते त्याच नियतकालिकाला पाठवायचं टिपण होतं. वर माझी मोजमापं, माझं नाव पहिलं, आणि शेवटी तुमचं वाक्य, की या लेखिकेने पूर्वी काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. मी तिथे खाडाखोड करून ‘पुनर्विचार करण्याजोगा आहे’ असं केलं. तुम्ही ते वाचलंत आणि माझ्याच पेनने खोडलंत.

“पुनर्विचार लग्नाच्या स्थळाचा करतात,” तुम्ही म्हणालात. “हे चुकलंय.”

पहिलं नाव तुमचं असावं म्हणून मी आठवडाभर भांडले. तुम्ही ऐकलं नाहीत. टिपण छापून आलं त्या दिवशी तुम्ही डब्यात माझ्यासाठी वेगळं पिठलं आणलंत. त्यावरून मी समजले की माफी मिळाली. शब्दाने तुम्ही कधी दिली नाहीत.

आणि मग आपलं दुसरं भांडण सुरू झालं, जे तुम्ही जाईपर्यंत संपलं नाही. हायड्रोजन आला कुठून?

तुम्ही निवृत्त झालात आणि गुरुवार ठरला. मांडवीचं तुमचं घर, पुढच्या जांभ्याच्या तीन पायऱ्या, वरच्या पायरीवर तुम्ही, खालच्या पायरीवर मी. बोटीवरची नोकरी संपवून तुमचे भाऊ दामूकाका तुमच्याकडेच राहायला आले होते. ते गवती चहा घातलेला चहा आणून ठेवायचे आणि दारात उभं राहून ऐकायचे. माझं म्हणणं होतं, स्फटिक मॅग्नेशियमच्या वाफेत तापवतात त्या धातूच्या बंद डब्यातून हायड्रोजन आला. डब्याच्या आतल्या भिंतीला काहीतरी लागलेलं असणार. तुमचं म्हणणं होतं, तो त्याच्या आधीच आला होता, मॅग्नेशियाच्या, म्हणजे त्याच ऑक्साइडच्या, ज्या पावडरीपासून स्फटिक केला तिच्यातून. पावडरीने हवेतलं पाणी ओढलं होतं. पाण्यातला हायड्रोजन स्फटिकात राहिला.

“पावसात बरणीतलं मीठ बघतेस ना?” तुम्ही म्हणायचात. “मॅग्नेशियाची पावडर त्याहून हावरी.”

मी म्हणायची, पण प्रबंधात तुम्हीच ‘कोरडी पावडर’ असं लिहिलंय. एका गुरुवारी हे जरा जोरात म्हटलं आणि तुम्ही उठलात. चहा न संपवता आत गेलात. मला वाटलं, दमलात.

पुढच्या गुरुवारी मी बसायच्या आत तुम्ही बोलायला लागलात. तुम्ही स्फटिक कसे करायचात ते मला माहीत होतं. पावडरीच्या ढिगात कार्बनच्या दोन कांड्या खुपसायच्या, त्यांच्यात विजेची ठिणगी पेटती ठेवायची, मधली पावडर वितळते, मग सावकाश निवू द्यायची आणि ढेकूळ फोडून आतले स्फटिक काढायचे. तुम्ही प्रबंध करत होतात त्या मुंबईच्या प्रयोगशाळेत भट्टीची पाळी महिनोन्महिने मिळत नसे. त्या वर्षी तुमची पाळी जुलैच्या शेवटी होती. महिन्याच्या सुरुवातीला तुम्ही पिंप उघडून पावडर वजन करत होतात तेव्हा हर्णेहून निरोप आला की वडील बंदरावर चक्कर येऊन पडले. तुम्ही वजन तसंच टाकून निघालात. पोहोचलात तेव्हा वडील गेले होते. दामूकाका तेव्हा बोटीवर, कुठल्यातरी लांबच्या बंदरात. सगळं तुम्हीच केलंत. तेरावं करून मुंबईला परत आलात तर पिंप उघडंच होतं, झाकण भिंतीला टेकवलेलं.

“हात घालून बघितला,” तुम्ही म्हणालात. “हाताला कोरडी लागली. म्हणून कोरडी लिहिलं. हाताला, गो. तापवून बघायला हवी होती, ती नाही बघितली. पाळी गेली असती.”

उजवा स्फटिक त्या पिंपातला होता. डावा आदल्या मार्चमधला.

बाई, त्या दिवशी मी तुमचा हात धरायला हवा होता. मी वाद घातला. म्हटलं, तेरा दिवसांच्या हवेने एवढं काही होत नसतं, डब्यातूनच आला हायड्रोजन. त्यानंतर दर गुरुवारी मी तेच म्हणत राहिले. नवनवे मुद्दे काढले, आकडेमोड करून आणली, तुम्हीही तितक्याच हिरिरीने खोडून काढलीत. तुम्हाला मी आडमुठी वाटत असणार. खरं म्हणजे तुमचं बरोबर असणार असं मला त्या दिवशीच वाटलं होतं. पण तुमच्या कामातली चूक त्या दिवसापाशी, त्या उघड्या झाकणापाशी जाऊन पोचावी हे मला सहन होत नव्हतं. दोष त्या धातूच्या डब्याचा निघावा, कुणाचे वडील त्यात नसावेत, एवढंच मला हवं होतं. हे मी तुम्हाला कधी बोलले नाही.

मग गेल्या वर्षी आपण प्रयोग ठरवला. दक्षिणेत माझ्या ओळखीचे एक गृहस्थ अजून त्या पद्धतीने स्फटिक करतात. त्यांना लिहिलं. एकाच पिंपातली पावडर, अर्धी भट्टीत वाळवून घ्यायची, अर्धी पाणी लावून हवेत सुकू द्यायची. दोन्हींचे स्फटिक करायचे आणि मग दोन्ही एकाच डब्यात, एकाच वेळी तापवायचे. हायड्रोजन डब्यातून येत असेल तर दोघांत सारखा दिसेल. पावडरीतून येत असेल तर एकात दिसेल, दुसऱ्यात नाही. ही युक्ती तुमची होती. मी म्हटलं, माझी हरायची तयारी आहे. तुम्ही हसलात.

तोवर तुमच्या मूत्रपिंडांनी काम सोडत आणलं होतं. सोमवार, बुधवार, शनिवार डायलिसिस. गुरुवार माझा. पायरीवर बसणं बंद झालं, तुम्ही आत पलंगावर आणि मी स्टुलावर. पाणी मोजून प्यायचं होतं तुम्हाला. दामूकाका चहा अर्धा कप करून आणायचे आणि तुम्ही तो माझ्या कपाशी लावून बघायचात, मला जास्त मिळाला का म्हणून. दर वेळी पहिला प्रश्न एकच, आले का? मी म्हणायची, अजून नाही.

शेवटच्या गुरुवारीही आले नव्हते. तुम्ही बराच वेळ डोळे मिटून होतात. मला वाटलं झोप लागली, म्हणून उठायला लागले. तेव्हा तुम्ही डोळे न उघडता विचारलंत.

“स्मिता, तुला खरंच वाटतं तो डब्यातून आला?”

“खरंच वाटतं,” मी म्हटलं.

“बरं,” तुम्ही म्हणालात.

शनिवारी सकाळी डायलिसिसला निघायच्या आधीच तुम्ही गेलात. त्या दिवसाबद्दल मी काही लिहिणार नाही.

पार्सल नवव्या दिवशी आलं. दुसऱ्या दिवशी दोन तासिकांच्या मधल्या मोकळ्या वेळात मी डार्करूम उघडली. तिथे आता मोडक्या खुर्च्या ठेवतात. त्या बाजूला सारून जागा केली, दिवा जोडला. दोन्ही स्फटिक पाण्यासारखे नितळ. स्फटिकांवर कोरलेल्या खुणा खालच्या बाजूला करून मी त्यांची जागा चार वेळा बदलली, कुठला कुठे आहे ते मलाच कळू नये म्हणून. दिवा लावून बंद केला. एक विझला. दुसरा हिरवा राहिला. माझा पुढचा तास बुडाला. मुलं दारापर्यंत येऊन गेली असं शिपायाने नंतर सांगितलं.

पण डोळ्याने बघितलेलं तुम्ही मान्य केलं नसतंत, म्हणून दोन्ही स्फटिक मुंबईला पाठवले. परवा वर्णपट आले. पाणी लावलेल्या पावडरीच्या स्फटिकात तिन्ही रेषा, ठळक. वाळवलेल्यात शोधून काढाव्या लागतील इतक्या पुसट. डबा एकच, आच एकच. पावडर ओली होती, बाई. तुमचं बरोबर होतं.

ते बघून आधी मला रडू आलं. आणि मग कसला तरी भलताच आनंद झाला, तो अजून कुणाला सांगितलेला नाही. त्या जुलैत तुम्ही झाकण लावून निघाला असतात तर दोन्ही स्फटिक बरोबरच विझले असते. तुमच्या प्रबंधाला दुसरा कुठलातरी विषय मिळाला असता. आणि लांज्याच्या एका मुलीला ऐन दुपारी काळोखात बसवून ‘विझला की सांग’ म्हणायचं तुम्हाला काही कारण उरलं नसतं. तुमच्या वडिलांच्या मरणातून मला काहीतरी मिळालं, असं म्हणायला जीभ रेटत नाही. पण मिळालं खरं.

आज कॉलेज सुटल्यावर मात्र मी जेटीकडे गेले नाही, सरळ तुमच्या घरी गेले. दामूकाका मागल्या दारी मांदेली साफ करत बसले होते. मी म्हटलं, बाईंना एक सांगायचं होतं. ते म्हणाले, मला सांग, कळंल तेवढं कळंल. मग मी त्यांच्यासमोर बसून सगळं सांगितलं, लोखंडापासून वर्णपटापर्यंत, झाकणाचंही. झाकणाचं त्यांना माहीत नव्हतं. वडील गेल्याचं पत्रच त्यांना महिन्याने मिळालं होतं. हात थांबवून ते ऐकत राहिले. मग मी तुमच्याशी खोटं बोलले तेही सांगितलं. विचारलं, बाई त्याबद्दल कधी काही म्हणाल्या का, ही पोरगी मुद्दाम भांडते असं काही?

त्यांनी आठवून बघितलं.

“नाय,” ते म्हणाले. “गुरुवार आला की सकाळपासनं म्हणायची, गवती चहा काढून ठेव, स्मिता येईल. बाकी काय नाय.”

मांजर आलं होतं, त्याला त्यांनी एक मासा टाकला. मग विचारलं, “म्हंजे तिचं खरं ठरलं?”

“खरं ठरलं.”

“मग मिटलं तुमचं भांडण.”

मी हो म्हटलं आणि उठले. बाई, मला ते मिटायला नको होतं.